हेड बदललं की द्रुत फाटते: टर्नटेबलच्या आर्मचे (सुई धरणाऱ्या हाताचे) भाग बदलल्यावर सुई पुन्हा जागेवर आणताना

फोन बहुतेक वेळा त्याच शब्दांत येतो. "दादा, सगळं चांगलं चालू होतं. हेड बदललं अन् आता गाणं शेवटाला आलं की आवाज फाटायलाय बगा." दोन दिवसांनी तोच माणूस पुन्हा सांगतो की नवी सुई मागवली, तीही लावली, तरी तसंच. सुई मागवायच्या आधी एक पट्टी आणि एक भिंग हातात घेतलं असतं, तर बहुधा पैसे वाचले असते.

परभणीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मधली बरीच वर्षं टर्नटेबल घेऊन कुणी पायरी चढलं नव्हतं, आता पुन्हा येतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत दोन जातीच्या रेकॉर्डी एकाच पेटीत निघतात. आजोबांच्या काळातल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे कव्वाल्या, भजनं, हैदराबादेहून आणलेल्या गझला. आणि नंतरच्या एलपी, ईपी. दोघींना एक सुई चालत नाही. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७६ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर एलपीच्या गोल सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं. म्हणून लोक दोन हेडशेल (आर्मच्या टोकाला लागणारं, काढता येणारं हेड) ठेवतात, एकावर हे कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी), दुसऱ्यावर ते. हेड काढायचं, घालायचं, कॉलर (हेड आवळणारी कडी) फिरवायची, झालं. तिथेच गोची होते.

लक्षणं

पहिलं आणि सगळ्यात जास्त येणारं: रेकॉर्डच्या सुरुवातीला आवाज स्वच्छ, पण लेबलाजवळ सुई आली की 'स', 'श', 'च' थुंकल्यासारखे येतात. ख्यालाच्या एलपीवर हे फार बोचतं, कारण विलंबित बाहेरच्या मोठ्या वर्तुळांत निघून जातं आणि द्रुत नेमकी आतल्या अरुंद वर्तुळांत येते. सतारीवरचा 'झाला', तराणा, सगळं तिथेच. ज्या क्षणासाठी बाजू लावली तोच क्षण फाटका.

दुसरं: आवाज सुरुवातीपासूनच जाड, घुसमटलेला. हे बहुधा कोनाचं नसतं, सुईवरच्या वजनाचं असतं.

तिसरं: एक बाजू बंद, किंवा हेडला हात लागला की खरखर. किंवा दोन्ही स्पीकर चालू आहेत, पण गाणारा मधोमध उभा राहत नाही, तबल्याचा डग्गा गायब. हे तारांचं.

चौथं: सुई उडते, किंवा वाकड्या रेकॉर्डवर स्पीकरचा पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर हलतो.

आणि एक खोटं लक्षण. डिसेंबर-जानेवारीत परभणीत पारा एक आकडी होतो. पहाटे भजनाची रेकॉर्ड लावली की फाटते, दुपारी तीच नीट वाजते. हे आर्मचं दुखणं नाही. कार्ट्रिजच्या आत सुईची दांडी ज्या रबरावर झुलते ते रबर थंडीत ताठतं. खोली उबदार होऊ द्या, मग तपासा. मी एका हिवाळ्यात सकाळी आठ वाजता केलेली जुळवणी दुपारी उगाच मोडून परत केली होती, तेव्हापासून सकाळी आर्मला हात लावत नाही.

आतल्याच बाजूला का फाटतं

रेकॉर्ड मूळ कापली जाते तेव्हा कापणारी सुई सरळ रेषेत कडेकडून मध्याकडे सरकते. आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती कमानीत फिरतो.

खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच कळेल. तिवड्याला बांधलेला बैल गोल फिरतो तेव्हा त्याचं तोंड सतत वाटेच्या दिशेला असतं. आता समजा त्याचं दावं तिवड्याला न बांधता खळ्याबाहेरच्या बाभळीला बांधलं, आणि त्याची मान एका ठरावीक कोनात वाकवून पक्की केली. आता तो खळ्यात आत-बाहेर सरकला, तर त्याचं तोंड वाटेशी नेमकं दोनच जागी जुळेल. बाकी सगळीकडे थोडं तिरकं. दाव्याची लांबी म्हणजे खुंटीपासून सुईच्या टोकापर्यंतचं अंतर. मानेचा वाक म्हणजे हेडशेलचा कोन. जुळणाऱ्या दोन जागांना शून्यबिंदू म्हणा. ओव्हरहँग म्हणजे सुई रेकॉर्डच्या भोकातल्या मधल्या दांड्याच्या किती पुढे जाते ते अंतर.

आता हिशेब. २३० मिमीच्या आर्मवर सुई १ मिमी मागे-पुढे झाली, तर बाहेरच्या कडेला कोन साधारण एक तृतीयांश अंशाने चुकतो, आणि लेबलाजवळ जवळजवळ एक अंशाने. त्यात भर अशी की मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर पळते, आत मात्र सुमारे २१. तेवढीच गाणी, तेवढेच सूर, पण निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले. म्हणून १ मिमीची चूक बाहेर कानाला लागतही नाही आणि आत द्रुत फाडून ठेवते. सात इंची ईपी तर आणखी आत जातात. एलपीची शेवटची खाच साधारण ६० मिमी त्रिज्येवर, ईपीची ५४च्या आसपास. भावगीतांच्या, लावण्यांच्या ईपी ज्यांच्याकडे आहेत त्यांना ही चूक सगळ्यात आधी कळते.

काहीही सैल करायच्या आधी

जुनं हेडशेल नीट वाजत असेल तर ते काढायच्या आधी मोबाइलवर वरून, बाजूने, समोरून असे तीन फोटो काढा. आर्मच्या मागचं तोलाचं वजन कुठल्या आकड्यावर आहे, अँटीस्केट (आर्मला आत ओढणारा जोर तोलणारं बटण) कितीवर आहे, आर्मची उंची किती आहे, कागदावर लिहा. टेक्निक्स या जपानी कंपनीच्या नेहमीच्या आर्मसारखं हेडशेल असेल तर पट्टीने आणखी एक माप घ्या, मागे रबरी वॉशर लावलेल्या हेडशेलच्या आर्मला टेकणाऱ्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत. हा कागद नसला की पुढचं सगळं अंदाजपंचे.

सुईवर टोपण असू द्या. कुर्त्याच्या बाहीने दांडी मोडलेली कार्ट्रिजं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, त्यातलं एक माझ्याच बाहीचं.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी रेकॉर्ड बदलून पाहा. ज्या एलपीवर वर्षानुवर्षं जड वजनाच्या जुन्या पेटी-प्लेअरची सुई फिरली, तिच्या आतल्या खाचा खरवडून गेलेल्या असतात. तिथे जगातला कुठलाही आर्म लावा, फाटणारच. शेवटची गाणी शाबूत असलेली एक रेकॉर्ड तपासणीसाठी वेगळी ठेवा.

मग सुई. काळ्या मातीची धूळ इकडे बंद कपाटातही शिरते. भिंगातून पाहा, टोकाला राखेसारखा गोळा दिसला तर मऊ ब्रशने मागून पुढे, फक्त त्याच दिशेने झाडा. आडवं झाडलं तर दांडी वाकते.

मग टेबल. मोबाइलमधलं लेव्हल प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीवर) ठेवा. जुन्या वाड्यांची शहाबादी फरशी सपाट वाटते, पण नसते. लेव्हल नसलं की आर्म उताराकडे ओढला जातो आणि अँटीस्केटचा हिशेब बिघडतो.

आता कॉलर आणि वॉशर. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे आलेल्या 'हेड बदलल्यावर फाटतं' या तक्रारी सगळ्यात जास्त वेळा इथेच सुटल्या. हेडशेलच्या मागे एक पातळ रबरी वॉशर असतो. हेड आत सरकलं, कॉलर फिरवली की तो दबतो आणि हेड घट्ट बसतं. आपल्या उन्हाळ्यात तो कडक होतो, मग तुकडे पडतात. लोक तो फेकून देतात, किंवा स्वस्तात आणलेल्या हेडबरोबर तो आलेलाच नसतो. वॉशर गेला की हेड तेवढं आत सरकतं, म्हणजे सुई मागे येते, आणि त्या मागे आलेल्या अर्ध्यामुर्ध्या मिलिमीटरचा परिणाम वर सांगितलाच. वर हेड हलकं डुगडुगतं. उलट प्रकारही पाहिलाय. एका हेडवर जुना कडक वॉशर चिकटलेला होता आणि मालकाने त्यावरच नवा चढवला होता. सुई पुढे, कॉलर अर्धवट, आणि वरून पाहिलं तर हेड एका बाजूला कलंडलेलं.

कसं तपासाल: आर्म त्याच्या टेकूवर बंद करा, कॉलर सोडा, हेड काढा. एकच वॉशर आहे, तो मऊ आहे, हे पाहा. नसेल तर हेडशेलबरोबर येणारे वॉशर सुटेही मिळतात. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला लावू नका, जाडी चुकते. पुन्हा बसवताना हेडवरची छोटी खुंटी आर्मच्या खाचेत बसल्याचं बोटाला कळलं पाहिजे. मग कॉलर बोटाने घट्ट, पक्कड लावायची नाही. हेडला दोन बोटांत धरून अगदी हलकं पिळून पाहा. कट् असं काही जाणवलं तर बसलेलं नाही.

त्याच वेळी चार टाचण्या पाहा. आर्मच्या आतल्या टाचण्यांना स्प्रिंग असते, त्या बाहेर आलेल्या हव्यात. काळ्या पडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. एखादी आत अडकली असेल तर चिमट्याने उपसायची नाही, कारण तिच्या मागे केसासारखी तार डकवलेली असते.

हेडशेलमधल्या चार रंगीत तारा: पांढरी डावा अधिक, निळी डावा उणे, लाल उजवा अधिक, हिरवी उजवा उणे. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या की गाणारा मधोमध न राहता हवेत विरतो आणि डग्गा मरतो. हे सुई बदलून सुटणार नाही. तारेची टोपी चिमट्याने सावकाश, तारेला नव्हे तर टोपीला धरून बसवा. सैल असेल तर काढून हलकी दाबून लहान करा. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरचा डाग द्यायचा विचारही करू नका, आतली वेटोळी उष्णतेने तुटतात.

वजन

नवं हेड बसवलं आणि मागचं वजन तसंच ठेवलं, ही दुसरी ठरलेली चूक. टेक्निक्सच्या मूळ हेडशेलचं वजन ७.५ ग्रॅम. त्याऐवजी कुणी ११ ग्रॅमचं जाड, लाकडी किंवा धातूचं हेड लावलं, तर सुईवर २ ग्रॅमचे ५ ग्रॅम होतात आणि वजनाची चकती मात्र २ दाखवत राहते. ती चकती फक्त शून्यापासून पुढचं मोजते. शून्य कुठे आहे ते तुम्हीच सांगायचं असतं.

म्हणून प्रत्येक बदलानंतर अँटीस्केट शून्यावर ठेवा, सुईचं टोपण काढा, आर्म तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा. आर्म वर जात नाही, खाली येत नाही, काट्यासारखा स्थिर राहिला की ते शून्य. तेव्हा चकती शून्यावर आणा, मग चकतीसह वजन फिरवून हवा तो आकडा.

७८ आणि एलपीसाठी दोन हेड वापरणाऱ्यांची आणखी एक गंमत. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एलपीच्या 'ई' सुईला २ ग्रॅम लागतात (१.८ ते २.२), ७८च्या 'एसपी' सुईला ५ ग्रॅम (४.५ ते ५.५). रात्री कव्वाल्या ऐकल्या, सकाळी हेड बदललं, वजन ५वरच राहिलं, आणि एलपी आजवर कधी नव्हती इतकी जाड वाजते. हे दिवसेंदिवस चाललं तर सुई आणि रेकॉर्ड दोन्ही जातात. मी माझ्या दोन्ही हेडच्या डब्यांवर आकडा मार्करने लिहून ठेवलाय.

मोजायला सुईच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या. एका गिऱ्हाइकाने हुशारी केली. अख्खं टर्नटेबल उचलून ओळखीच्या सराफाकडे नेलं, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो म्हणून. काटा बरोबरच होता, पण त्याची ताटली प्लॅटरपेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे आर्म वर उचललेला, आणि वरून ताटली चुंबकाला ओढणारी निघाली. कार्ट्रिजमधल्या चुंबकाने सुई खाली खेचली आणि आकडा भलताच आला. काट्याचा माथा रेकॉर्डच्या उंचीला हवा आणि चुंबकाला न चिकटणारा हवा.

अँटीस्केट सध्या वजनाइतकंच ठेवा. त्यात बारीकसारीक करत बसू नका.

फक्त मागचं वजन बदललं असेल, मूळचं काढून दुसरं लावलं, तर इथेच थांबता येईल. मागच्या वजनाने सुईची जागा बदलत नाही. हेडशेलमधल्या तारा बदलल्या तरीही नाही. हेडशेल, कार्ट्रिज, सुई किंवा आर्मची नळी बदलली असेल तरच पुढे चला.

ओव्हरहँग: पट्टी आणि कागद

टेक्निक्सच्या एसएल-१२०० घराण्याच्या आर्मवर खुंटीपासून प्लॅटरच्या मध्यापर्यंत २१५ मिमी, खुंटीपासून सुईपर्यंत २३०, म्हणजे ओव्हरहँग १५. हे जमवण्यासाठी वर सांगितलेलं माप, हेडच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंतचं, ५२ मिमी ठेवायचं असतं. प्लॅस्टिकचा छोटा गेज त्यासाठीच यायचा. हे केलं की शून्यबिंदू साधारण ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात.

आता इंटरनेटवरून उतरवलेला, सुई जुळवायचा छापील कागद. त्यावर बहुधा ६६ आणि १२०.९ मिमीचे बिंदू असतात, त्या पद्धतीला बेअरवाल्ड म्हणतात. दुसरी स्टीव्हन्सन, ६०.३ आणि ११७.४. लोक काय करतात? आधी ५२ मिमीच्या गेजने बसवतात, मग बेअरवाल्डचा कागद ठेवून पाहतात, तो जुळत नाही, मग अर्धं इकडे अर्धं तिकडे. दोन्ही बरोबर आहेत, पण खिचडी चालत नाही. त्याच आर्मवर बेअरवाल्ड करायचं तर सुई जवळपास पावणेतीन मिमी पुढे न्यावी लागते आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये थोडं आतल्या अंगाला वळवावं लागतं. कार्ट्रिज हेडशेलमध्ये तिरकं दिसलं म्हणून घाबरायचं नाही.

माझं मत विचाराल तर, ख्याल, नाट्यसंगीत आणि ईपी जास्त ऐकत असाल तर ५२ मिमीचं मूळ माप किंवा स्टीव्हन्सन ठेवा. आतला शून्यबिंदू लेबलाजवळ पडतो, म्हणजे द्रुत जिथे असते तिथेच सुई सरळ. मधल्या भागात थोडी किंमत मोजावी लागते, ती मला चालते. ऑर्केस्ट्रा, सिनेमाची गाणी, लांब एलपी ऐकणाऱ्यांना बेअरवाल्ड बरं.

कागदावर विश्वास ठेवण्याआधी कागद मोजा. कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून आलेला असाच एक कागद माझ्याकडे भिंतीला चिकटवलेला आहे, आठवण म्हणून. मुलाने फाइल दिली, दुकानदाराने 'फिट टू पेज' दाबलं, कागद ९७ टक्क्यांवर छापला गेला. ६६चा बिंदू ६४वर, १२०.९चा ११७ आणि काहीतरीवर. गिऱ्हाइकाने तीन रविवार घालून त्या कागदाशी सुई इतकी सुरेख जुळवली होती की भिंगातूनही खोट काढता येत नव्हती. छापून आला की आधी स्टीलच्या पट्टीने त्यावरचं माप घ्या, १०० मिमीची रेघ १०० भरली पाहिजे, आडवी आणि उभी दोन्ही. आणि मधलं भोक दांड्यावर घट्ट बसलं पाहिजे. ढिलं भोक म्हणजे अर्धा मिमी गेलाच.

जुळवणी अशी: प्लॅटर हाताने धरून ठेवा किंवा खाली कागदाची घडी सारा, म्हणजे फिरणार नाही. हेडशेलचे दोन स्क्रू (२.५ मिमीचे, त्यांच्यातलं अंतर १२.७) इतकेच सैल की कार्ट्रिज बोटाने सरकेल पण स्वतः घसरणार नाही. बाहेरच्या बिंदूवर सुईचं टोक टेकवा. मग समोरून भिंगाने सुईची दांडी पाहा, कार्ट्रिजचं अंग नव्हे. दांडी कागदावरच्या जाळीच्या रेघेला समांतर हवी. कार्ट्रिजच्या अंगाशी दांडी नेहमी सरळ असतेच असं नाही, विशेषतः स्वस्त पर्यायी सुयांमध्ये. म्हणूनच फक्त सुई बदलली तरी ही तपासणी करायची. आता आतल्या बिंदूवर. बाहेर जुळतं आणि आत नाही, तर सुई पुढे-मागे करा, पुन्हा बाहेरून सुरू. स्क्रू घट्ट करताना दोन्ही आळीपाळीने पाव-पाव फेरा, नाहीतर शेवटच्या पिळाला कार्ट्रिज वळतं आणि सगळी मेहनत वाया. घट्ट केल्यावर पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक वेळी. आणि मग वजन पुन्हा मोजा.

डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं की मान दुखते. मी आता मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहतो. टॉर्च एका बाजूने, तिरका.

एसएमई या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ३००९ सारख्या आर्मवर मात्र हेडशेलमध्ये खाचा नसतात. तिथे अख्खा आर्म पायाच्या रुळावर मागेपुढे सरकवतात. त्यावर खाचांचं जपानी हेड लावून दोन ठिकाणी सरकवायला लागलात की वेड लागेल. कार्ट्रिज एका जागी पक्कं करा आणि फक्त पाया हलवा.

ड्युअल टर्नटेबलवाल्यांसाठी थोडं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो आपण, आणि खरंच इथे एका घरात जर्मन ड्युअल आहे. त्यात हेडशेल नाही, कार्ट्रिज एका सरकत्या पाटीवर बसतं. त्या पाटीचे संपर्क काळे पडतात आणि एक बाजू जाते. लोकांना वाटतं कार्ट्रिज गेलं. अल्कोहोल आणि दोन मिनिटं.

उंची आणि कलणं

जाड हेड किंवा बुटकं कार्ट्रिज लावलं की आर्म पुढे झुकतो किंवा मागे बसतो. रेकॉर्ड वाजत असताना बाजूने पाहा, आर्मची नळी रेकॉर्डला समांतर हवी. टेक्निक्सच्या आर्मची उंची पायाशी ६ मिमीपर्यंत बदलता येते. काही आर्ममध्ये खाली पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागतात. यात फार जीव काढू नका. २३० मिमीच्या आर्मची मागची बाजू तब्बल ४ मिमी उचलली तेव्हा कुठे सुईचा कोन १ अंशाने बदलतो. समांतर आली, पुरे. फक्त उंची बदलल्यावर वजन पुन्हा मोजा.

समोरून पाहताना कार्ट्रिज डावी-उजवीकडे कलंडलेलं नको. फणी-टिकलीच्या दुकानातला पातळ आरसा प्लॅटरवर ठेवा, त्यावर सुई अलगद टेकवा. दांडी आणि तिचं प्रतिबिंब मिळून सरळ रेघ दिसली पाहिजे, बाण नाही. तिरपं असेल तर आधी पुन्हा कॉलर आणि वॉशर पाहा. काही हेडशेलना पिळायचा बारीक स्क्रू असतो. ज्यांना नाही, तिथे कागदाच्या पट्ट्या कोंबू नका.

जड हेडचा त्रास

चौथं लक्षण, पडदा हलणं, इथून येतं. आर्मचं वजन आणि सुईच्या रबराचा लवचिकपणा मिळून एक झोका तयार होतो. तो ८ ते १२ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ ते १२ झोक्यांच्या) मधे असला की बरं. हिशेब असा: आर्मचं प्रभावी वजन (सुईला हलताना जाणवणारं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज ग्रॅममध्ये, तिला कार्ट्रिजच्या कंपनीने छापलेल्या लवचिकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ला त्याने भागा. १२ अधिक ६ अधिक १, म्हणजे १९ ग्रॅम, लवचिकपणा १५, उत्तर ९.४. छान. त्याच आर्मला ५ ग्रॅम जड हेड आणि २५चं मऊ कार्ट्रिज लावलं तर उत्तर ६.५. वाकड्या रेकॉर्डींचे हेलकावे नेमके त्याच्या खाली सुरू होतात, आणि पत्र्याखालच्या खोलीत मे महिना काढलेल्या आपल्याकडच्या रेकॉर्डी सरळ कुठे असतात? जपानी कंपन्या लवचिकपणा बहुधा १०० हर्ट्झवर मोजून छापतात. तो आकडा या हिशेबासाठी साधारण दीडपट ते दुप्पट धरा.

थोडक्यात, दिसायला देखणं जाड हेड घ्यायच्या आधी कार्ट्रिजचा हा आकडा पाहा.

इथे थांबा

एवढं सगळं करूनही फाटत असेल तर हात मागे घ्या. आर्म शून्यावर तरंगवा, अँटीस्केट शून्य, पंखा बंद, आणि हेडवर हलकी फुंकर मारा. आर्म कडेपासून मध्यापर्यंत सहज तरंगत गेला पाहिजे. दर वेळी एकाच जागी अडखळतो का? मग हेड दोन बोटांत धरून अगदी हलकं पुढे-मागे, वर-खाली करून पाहा. टक् असा बारीक खेळ जाणवतो का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर दोष खुंटीच्या बेअरिंगमध्ये आहे आणि ते घरी उघडायचं काम नाही. शिलाई मशीनचं तेल तर अजिबात घालू नका. माझ्याकडे तेल घालून आणलेला एक आर्म सावरायला मला चार दिवस लागले, आणि शेवटी तो पुण्याला पाठवावा लागला.

आर्मच्या नळीतली तार तुटली असेल, दांडी वाकली असेल, किंवा काढता येणारी नळी बदलल्यावर ती खुंटीशी डुगडुगत असेल, तरीही तेच. कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल (ज्यात सुईबरोबर बारीक वेटोळी हलतात) असेल तर हेडशेलमधल्या तारांच्या पुढे जाऊच नका. त्यांची किंमत ऐकून परभणीतल्या कुणाचाही हात थरथरेल, माझाही.

टर्नटेबल एसटीच्या पार्सलने किंवा कुणाच्या गाडीतून पाठवणार असाल तर हेडशेल काढून सुईच्या टोपणासह वेगळ्या डब्यात ठेवा. मागचं वजन काढा. प्लॅटर उचलून वेगळा गुंडाळा, नाहीतर खड्ड्यांत तो दांड्यावर आपटत राहतो. आर्म टेकूवर लावून मऊ सुती पट्टीने बांधा, चिकटपट्टीने नाही. आणि ते तीन फोटो व आकड्यांचा कागद डब्यात टाका. समोरच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस त्यात वाचतो.